फासिझमची मूळ प्रत कोणती?

अलीकडील एखाद्या पक्षास फासिस्ट ठरविणाऱ्या लेखांत लक्षणांची यादी असते. ती कोणत्या कागदावरून उतरली हें मात्र क्वचितच सांगितलेलें असतें. अस्सल न पाहतां नकलेवर निर्णय देणें आमच्या वाचकांस रुचणार नाहीं.

मुसोलिनीनें आपली संघटना मिलान येथें ता. २३ मार्च १९१९ रोजीं स्थापिली. तिचा ता. ६ जूनचा जाहीरनामा पाहतां त्यांत स्त्रियांस मताधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस, सिनेटचें विसर्जन व धर्मसंघांच्या मालमत्तेची जप्ती हीं कलमें आढळतात! त्याच मुसोलिनीनें १९२६ त इतर पक्ष मोडले, १९२९ त पोपशीं तह केला आणि १९३८ त यहुद्यांविरुद्ध कायदे केले. अर्थात् येथें कागदापेक्षां कृतीच प्रमाण धरावी लागते.

इटलीतील 'मोव्हिमेंतो सोचाले' हा पक्ष मुसोलिनीच्या जुन्या अनुयायांनीं डिसेंबर १९४६ त काढिला. वंशावळ निर्विवाद आहे. १९९५ त फ्यूज्जीच्या अधिवेशनांत त्यानें नांव बदललें व फासिस्टविरोधी लढ्याचें ऐतिहासिक महत्त्व मान्य केलें. तिरंगी ज्योत मात्र नव्या चिन्हांतही ठेविली. नव्या कागदावर जुना शिक्का आढळावा तसा हा प्रकार. एवढ्यावरून तो पक्ष निर्दोष किंवा दोषी ठरत नाहीं. परंतु २००१ पासून मंत्रिमंडळांत असलेला हा पक्ष २००६ ची निवडणूक हरल्यावर सहकाऱ्यांसह पायउतार झाला. मुसोलिनीनें १९२९ व १९३४ सालीं मतदारांपुढें एकच यादी ठेविली होती.