टाळू न भरलेलं पिल्लू

धंतोलीतून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. घरी आणलेल्या टॉय पॉमच्या पिल्लाच्या डोक्यात पाणी असल्याचं निदान झालं आहे. पिल्लू गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, आणि शी-शूची जागा काही केल्या शिकत नाही. ‘हे पाणी काढून टाकलं की ते बरं होईल ना?’ असं त्यांनी विचारलं आहे. धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. माणसाच्या मेंदूचा फोटो काढणारं यंत्र इथे जितक्या पावलांवर सापडतं, त्याच्या दुप्पट फिरावं लागतं गाडी लावायला जागा शोधताना. कुत्र्याला मात्र एखादा खासगी पशुवैद्यक गाठावा लागतो, नाहीतर सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. प्रश्न साधा आहे, पण त्यातला ‘पाणी म्हणजेच रोग’ हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. तो समज दूर झाला, की अशा कुत्र्याची शुश्रूषा कशी करायची हे बरंचसं आपोआप सुचतं.

डोक्यात पाणी असतंच; तुमच्या-माझ्याही. मेंदूच्या पोकळ्यांतल्या झालरीसारख्या ऊतीतून ते रात्रंदिवस झिरपत असतं. एका पोकळीतून दुसरीत, तिथून ‘सिल्व्हियसची नळी’ म्हणतात त्या केसासारख्या बारीक नळीतून मागे आणि मग मेंदू-मज्जारज्जूभोवती पसरून अखेर रक्तात, असा त्याचा प्रवास. कुत्र्यांत मिनिटाला सुमारे ०.०५ मिलिलिटर द्रव तयार होतो, असं प्रयोगशाळेतल्या मध्यम चणीच्या कुत्र्यांवरून मोजलं गेलं आहे. म्हणजे दिवसाला सत्तर मिलिलिटरच्या आसपास, टपरीवरच्या एका कटिंगइतका. तेव्हा आज सुई घालून पाणी काढलं तरी ते पुन्हा भरणार, हे उघड आहे. नागपूरकरांना हे समजायला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवली तरी पुरे. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. धरण फुटलं नव्हतं. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि तो वाहून नेणारी वाट अरुंद पडली. अशा वेळी घरातलं पाणी बादलीने उपसायला लागतंच, पण पूर का आला याचं उत्तर त्या बादलीत नसतं. पिल्लाच्या डोक्यातही अनेकदा तुंबलेली वाट हेच कारण असतं. खेळण्यातल्या कुत्र्यांएवढ्या या जातींत काही पिल्लांची सिल्व्हियसची नळी जन्मतःच चिंचोळी राहिलेली असते. दाखल्याची मर्यादाही इथेच सांगायला हवी: अंबाझरीवरचा पाऊस थांबला, मेंदूतला थांबत नाही.

हे ज्ञान आपल्याला दिलं तेही कुत्र्यांनीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला तरुण शल्यविशारद वॉल्टर डँडी आणि बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३-१४ मध्ये कुत्र्याच्या मेंदूतल्या त्या बारीक नळीत जिलेटिनच्या कॅप्सूलमधून कापसाचा बोळा बसवला. नळी बंद झाली, तिच्या अलीकडच्या पोकळ्या फुगल्या आणि जलशीर्ष, म्हणजे डोक्यात पाणी साठण्याचा हाच आजार, प्रयोगशाळेत तयार झालं. मग रंगद्रव्य सोडून त्यांनी रुग्णांत पाण्याची वाट शोधली आणि पाणी वाटेत अडलं आहे की शोषलं जाण्याच्या टोकाला, हा फरक दाखवून दिला. तो फरक आजही निदानाचा पाया आहे. डँडीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ब्लॅकफॅनचं नाव जोडीला घेणारे थोडे. डँडीचाही पुढचा निष्कर्ष मात्र जरा घाईचा होता. ती झालरीसारखी ऊतीच सगळं पाणी बनवते, तेव्हा ती काढून टाकली की काम झालं, असं त्याने १९१८-१९ मध्ये मांडलं. त्याचा निर्णायक पुरावा एकाच कुत्र्यावरच्या प्रयोगावर उभा असल्याचं टीकाकारांनी पुढे दाखवून दिलं, आणि झालर काढलेल्या माकडांच्या मेंदूत पाणी तयार होतच राहिलं. एका कुत्र्यावरून साऱ्या जगाचा नियम करू नये, हा धडा घरगुती चर्चांनाही लागू आहे. ‘आमच्या शेजाऱ्यांचा पॉम अमुक गोळीने बरा झाला’ हाही शेवटी एकाच कुत्र्याचा पुरावा.

पाण्याचं प्रमाण आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या एका ४४ वर्षांच्या सरकारी नोकराची नोंद छापून आली. डाव्या पायात थोडा अशक्तपणा जाणवतो एवढीच त्याची तक्रार होती. फोटोत कवटीचा बराचसा भाग पाण्याने व्यापलेला दिसला. गृहस्थ संसारी, दोन मुलांचे वडील, बुद्ध्यंक ७५. व्हॉट्सॲपवर ही बातमी ‘मेंदूच नसलेला माणूस’ म्हणून फिरते, ती भंपक आहे. मेंदू होता, तो दाबला जाऊन कडेला पातळ पसरला होता, आणि दाब हळूहळू वाढल्यामुळे त्याने जुळवून घेतलं होतं. लहान चणीच्या, चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत हे नित्याचंच. कसलंही लक्षण नसलेल्या कित्येकांच्या पोकळ्या मोठ्या असतात. फोटोवरून निवाडा करताना तज्ज्ञ पोकळी आणि मेंदू यांच्या रुंदीचं गुणोत्तर पाहतात, ते ०.६ च्या वर गेलं तर शंका बळावते, पण सोबत मेंदू दाबला गेल्याच्या इतर खुणाही शोधतात. थोडक्यात, त्रास देतो तो दाब, आणि दाब फोटोत थेट दिसत नाही. तो कुत्र्याच्या दिवसात दिसतो: खाण्यात, चालण्यात, झोपेत, नजरेत. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा कुत्र्याच्या उपचारातलं सगळ्यात भरवशाचं उपकरण घरातच असतं, आणि ते म्हणजे पद्धतशीर निरीक्षण करणारा माणूस.

यावर आक्षेप येईल की मग औषधं कशासाठी? स्टेरॉइड, लघवी वाढवणारी औषधं, ॲसिटाझोलामाइड, पित्तावरची ओमेप्राझोल, यांपैकी एक-दोन चिठ्ठीत असतातच. ओमेप्राझोलची कथा बोधप्रद आहे. १९९७ मध्ये कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात तिने मेंदूतल्या द्रवाची निर्मिती २६ टक्क्यांनी घटवली आणि ती जगभरच्या चिठ्ठ्यांत शिरली. पुढे निरोगी कुत्र्यांना ती तोंडावाटे देऊन पाहिली, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. ॲसिटाझोलामाइडनेही पोकळ्या आकसल्याचं तपासणीत दिसलेलं नाही. याचा अर्थ औषधं फेकून द्या असा मुळीच नाही. स्टेरॉइडने कित्येक कुत्रे खरोखर सुधारतात आणि फिटची औषधं तर जीव वाचवतात. अर्थ इतकाच, की प्रत्येक औषध ही मुदतीची चाचणी समजावी. किती दिवसांत काय फरक दिसायला हवा, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहावं आणि त्या तारखेला वही घेऊन जावं. मनाने बंद मात्र काहीच करू नये. स्टेरॉइड किंवा फिटची गोळी अचानक थांबवणं हे मूळ आजाराइतकंच घातक ठरू शकतं. आणखी एक: स्टेरॉइडने तहान वाढते आणि लघवीही. आधीच शिकायला मंद असलेलं पिल्लू गालिचा ओला करतं ते हट्टाने नव्हे. त्याला रागावण्यापेक्षा गालिचा उचलून ठेवलेला बरा.

बाकीची शुश्रूषा साध्या गोष्टींची आहे, पण प्रत्येकीमागे दाबाचा हिशेब आहे. गळ्याचा पट्टा मानेतल्या शिरा दाबतो, रक्त डोक्यातून खाली उतरायला अडतं आणि कवटीतला दाब चढतो. म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस. टाळू भरलेली नसेल तर तिथे हाडच नसतं. सोफ्यावरून पडणं किंवा लहान मुलाच्या हातातून निसटणं हा थेट मेंदूला मार. गंमत अशी, की तीच उघडी टाळू डॉक्टरांची खिडकी होते. तिच्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून भूल न देता पोकळ्या पाहता येतात. एमआरआयला भूल लागते आणि इतक्या लहान जिवात भूल म्हणजे जोखीम. ज्याला नीट दिसत नाही अशा कुत्र्याच्या घरात खुर्च्या-टेबलांची जागा बदलू नये. लहान जातींत साखर झटकन उतरते, म्हणून खाणं दिवसातून तीन-चारदा, थोडं थोडं. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नये, तोंडात बोट किंवा चमचा घालू नये. आजूबाजूच्या वस्तू सरकवाव्या, घड्याळ पाहावं आणि मोबाइलवर चित्रण करावं. डॉक्टरांना वर्णनापेक्षा चित्रण जास्त सांगतं. पाच मिनिटांनी फिट थांबली नाही तर क्षणाचा विलंब न करता दवाखाना. आणि नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या घरात असताना लांबलेली फिट अंग आणखी तापवते; त्यातच लघवीचं औषध चालू असेल तर शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही. कूलरसमोरची जागा, पाण्याची दोन भांडी, आणि फिरणं सूर्य वर यायच्या आत. मेंदूतलं पाणी कमी व्हावं म्हणून पिण्याचं पाणी कमी करणारे लोक आहेत. ते शुद्ध अज्ञान आहे.

शस्त्रक्रियेचं काय? पोकळीतून निघणारी नळी त्वचेखालून पोटात सोडायची आणि मध्ये एक झडप बसवायची, हा शंट. या झडपेच्या जन्माची गोष्ट निघाली की लोक लेखक रोआल्ड डालची सांगतात. मला जॉन होल्टरची जास्त आवडते. होल्टर कुलपं बनवणाऱ्या येल अँड टाउन कंपनीत तंत्रज्ञ होता. १९५५ मध्ये जलशीर्ष घेऊन जन्मलेल्या आपल्या मुलासाठी त्याने डॉक्टर यूजीन स्पिट्झ यांच्याबरोबर खटपट करून चिरा दिलेल्या रबराची एकतर्फी झडप घडवली, आणि १९५६ पासून ती मुलांच्या डोक्यात बसू लागली. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट आपल्याकडची आहे. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाबरा यांच्या नावाचा, उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारा स्वस्त शंट युगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये परदेशी बनावटीच्या शंटशी ताडून पाहिला. २००५ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरानंतर दोहोंच्या परिणामांत फरक नाही. तेव्हा छाबरा शंटची किंमत सुमारे ३५ डॉलर होती, परदेशी शंटची सुमारे ६५०. आपल्या वर्तमानपत्रांनी याचा मथळा केला असता तर बरं झालं असतं. कुत्र्यांसाठीही माणसांच्या मुलांचेच शंट वापरतात. २००१ ते २००९ दरम्यान शंट बसवलेल्या ३६ कुत्र्या-मांजरांच्या पाहणीत २६ जणांची लक्षणं सुधारली, आठ जणांत गुंतागुंत झाली आणि १३ या आजारापायी दगावले किंवा त्यांना दयामरण द्यावं लागलं. म्हणजे शंट हा चमत्कार नव्हे, आणि थोतांडही नव्हे. औषधाने न सावरणाऱ्या, पण अजून अंगात धुगधुगी असलेल्या पिल्लासाठी तो विचारात घ्यावा. नळी तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो हे जाणून.

माणसांची पोरं उपचाराविना असताना कुत्र्यावर पैसा का, असंही कुणी म्हणेल. डँडीच्या टेबलावरच्या कुत्र्यांचं देणं आपल्यावर आहे, हे माझं उत्तर. ते पुरेसं वाटत नसेल तर खर्चाचं मूळ पाहा. आपल्याकडे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पॉमेरियन म्हटलं गेलं तो बहुतेक वेळा लांब तोंडाचा, धडधाकट इंडियन स्पिट्झ होता. आता हवा असतो तळहातावर मावणारा, बाहुलीच्या तोंडाचा. अशीच खेळण्याएवढी दुसरी जात चिहुआहुआ; तिच्या अमेरिकी जातिमानकात सफरचंदासारखं गोल डोकं मागितलेलं आहे आणि टाळू उघडी असली तरी चालते असं लिहिलेलं आहे. आणि या जातीच्या एका अलीकडच्या तपासणीत ५० पैकी ४६ कुत्र्यांच्या कवटीत न भरलेल्या फटी सापडल्या. आपण आकार मागतो, पैदास करणारे तो पुरवतात आणि बिल मेंदू भरतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींबाबत बंदीचं पत्रक काढलं, ते हिंस्र समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांसाठी. स्वतःच्याच कवटीत घुसमटणाऱ्यांची आठवण त्यात नव्हती.

धंतोलीच्या वाचकांना म्हणूनच सांगणं असं: पाणी काढण्याची घाई नको. एक वही करा, हार्नेस आणा, डॉक्टर बदलत फिरू नका आणि या पिल्लापासून पैदास करू नका. फिट आवरेनाशा झाल्या, खाणं सुटलं, जागेपणी सतत कण्हणं सुरू झालं, तर दयामरणाचा विषय डॉक्टरांनी काढायची वाट न पाहता तुम्हीच काढा. आणि नवं पिल्लू घेणाऱ्यांनो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबाबतच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. विकणाऱ्याला पिल्लाची आई दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर रिकाम्या हाताने परत या.