मामू, शिकार तर हलाल आहे ना?

गेल्या धानकापणीनंतरची गोष्ट. रात्री साडेअकराला गावाहून भाच्याचा फोन आला. "मामू, राणीला डुकरानं फाडलं."

राणी म्हणजे त्याची कुत्री. सकाळी फजर पढून मी मोटारसायकल काढली आणि भंडाऱ्याहून लाखनीकडचं गाव गाठलं. अंगणात पोत्यावर ती पडली होती. मांडीपासून पोटापर्यंत सरळ जखम, जणू कोणी विळ्याने ओढली असावी. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चौदा टाके घातले आणि हात धुता धुता विचारलं, "कुठे नेली होती हिला?" भाचा खाली बघत म्हणाला, "शेतावर." डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही नाही. शाळेत बावीस वर्षं अशी उत्तरं ऐकतो आहे.

घरी आल्यावर खरं काय ते कळलं. चार पोरं, दोन गाड्या, एक जबर उजेडाची बॅटरी आणि राणी. लाखोळीच्या बांधीत ससे उतरतात. बॅटरीचा उजेड डोळ्यांवर पडला की ससा क्षणभर थिजतो, तेवढ्यात कुत्री सोडायची. त्या रात्री उजेडात ससा दिसला, राणी सुटली, आणि धुऱ्याच्या पलीकडे झुडपात डुकरीण पिलं घेऊन बसली होती.

आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, आधीच वैतागलेली. कुत्र्याची भांडी वेगळी ठेव, नमाजच्या चटईजवळ येऊ देऊ नको, हे वर्षभर सांगून ती थकली होती. तिने मुलाला चांगलंच झापलं. पोरगा ऐकत राहिला, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मामू, तुम्ही तर अरबी-उर्दू वाचलेले. शिकार तर हलाल आहे ना? कुत्र्याची शिकार तर कुरआनातच आहे ना?"

त्याचं चुकीचं नव्हतं. पण अर्धंच बरोबर होतं, आणि अर्ध्या बरोबर गोष्टींनीच घरं अडचणीत येतात.

आधी राणीबद्दल. तिला त्याने मराठवाड्यातून बारा हजारांना आणली होती, "असली कारवान" म्हणून. कारवान हा आपल्या महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाच्या सीमाभागाचा जुना शिकारी कुत्रा. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला भिडलेलं पोट, लांब पाय. अंगावर लांब मऊ केस असले की त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, आणि तेव्हापासून तिकडे तिला मुधोळ हाऊंड म्हणू लागले. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. हा कुत्रा वासावर चालत नाही, नजरेवर चालतो. दूरवर काही हललं की दिसतं, आणि दिसलं की पाय आधी धावतात, डोकं मागून येतं.

कारवान हा शब्द सरळ कारवाँमधून आला. उर्दूत अशा कुत्र्याला ताजी म्हणतात. (मराठीतल्या शिळ्या-ताज्याशी त्याचा संबंध नाही, वर्गात मुलं दर वेळी हसतात.) फारसीत ताजी म्हणजे अरबी; अरबी घोडाही ताजी, अरबी कुत्राही ताजी. भाषेचे अभ्यासक हा शब्द अरबांच्या तय कबिल्याच्या नावापर्यंत नेतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. अकबर बादशहाला कुत्र्यांची आवड होती आणि काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून, चांगले कुत्रे येत, असं अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदवलं आहे.

डॉक्टरांनी मात्र राणीचे कान आणि छाती बघून सांगितलं की ही शुद्ध नाही. ग्रेहाऊंड आणि कारवान यांची पैदास, वर कुठेतरी गावठी रक्तही. तेही वाईट नाही. इंग्लंडमध्ये असा संकर मुद्दाम करतात, त्याला लर्चर म्हणतात. एका बाजूने ग्रेहाऊंडचा वेग, दुसऱ्या बाजूने मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याची अक्कल. आपल्याकडे जत्रेच्या शर्यतींसाठी कारवानवर ग्रेहाऊंड लावतात. वेग वाढतो, पण आपल्या मातीतला चिवटपणा, उन्हाचा सोस आणि टणक पंजे कमी होतात. शिवाय पहिल्या पिढीची पिलं बहुधा एकसारखी, देखणी निघतात. त्या पिलांचीच पुढे पैदास केली की दुसऱ्या पिढीत सगळं विखुरतं. एकाच वेतात एक पिलू आजीवर, एक आजोबावर, एक कोणावरच नाही. विकणारा पहिल्या पिढीचा फोटो दाखवतो आणि दुसऱ्या पिढीचं पिलू हातात ठेवतो. माझ्या भाच्याचं हेच झालं.

दुसरी चूक त्याची स्वतःची. राणीला त्याने आठव्या महिन्यापासून पळवलं. या जातीची हाडं लांब; ती पक्की व्हायला वर्ष तरी लागतं. आणि एप्रिलमध्ये दुपारी पळवलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच थंड होतो. विदर्भाच्या उन्हात एक लांब धाव त्याचा जीव घेऊ शकते. त्या वेळी ती तलावाच्या पाण्यात जाऊन बसली म्हणून वाचली.

आता त्याच्या प्रश्नाकडे. मी मुफ्ती नाही, मास्तर आहे; जे वाचलं तेच त्याला सांगितलं.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरलेल्या शिकारीची इजाजत आहे. तिथे जोर "शिकवलेल्या" या शब्दावर आहे: अल्लाहने तुम्हाला जे ज्ञान दिलं, त्यातून तुम्ही जनावराला शिकवता. जनावराला विद्यार्थी म्हटलेलं मला तरी दुसरीकडे आढळलं नाही. याबद्दल तपशिलाने विचारलं ते हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी. हे किस्स्यांतल्या हातिमताईचे चिरंजीव, तय कबिल्याचे सरदार. म्हणजे ज्या कबिल्याच्या नावातून ताजी शब्द निघाला असं म्हणतात, त्याच कबिल्याच्या माणसाने शिकारी कुत्र्याचा मसला विचारला! भाच्याला यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र ज्या दिवशी हे जोडलं, त्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणाला सांगू असं झालं होतं.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हे आहे. पैगंबरांनी (स.) सांगितलेल्या शर्ती अशा. कुत्रा शिकवलेला हवा. सोडताना अल्लाहचं नाव घेतलेलं हवं. त्याने शिकारीतलं खाल्लं तर तुम्ही खाऊ नका, कारण त्याने ती स्वतःसाठी धरली असेल. आणि सोबत दुसरा कुत्रा दिसला, कोणी मारलं हे कळत नसेल, तरी खाऊ नका. नाव तुम्ही तुमच्या कुत्र्यावर घेतलं होतं, दुसऱ्याच्या नाही. कुत्रा शिकलेला नसेल तर त्याची शिकार जिवंत हाती लागून जबह करता आली तरच हलाल. शिकलेला केव्हा मानायचा? इमाम अबू हनीफांचे दोन शागिर्द, इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद, म्हणतात की तीनदा शिकार धरून त्याने तोंड लावलं नाही तर. शाफई पुस्तकांतही शिकवण्याच्या शर्ती बारकाईने दिल्या आहेत.

"आता सांग," मी भाच्याला म्हटलं, "राणी तुझ्या आवाजावर थांबते?"

"ससा दिसल्यावर नाही."

"तोंड लावते?"

तो गप्प. आपा आतून म्हणाली, "मागच्या वेळी अर्धा खाऊन आली होती."

म्हणजे किताबाच्या हिशोबानेही ती परीक्षेला बसलेली नव्हती.

पण पोरगा हुशार आहे. म्हणाला, "मग मी शिकवतो. ससा तर हलाल आहे." ससा हलाल आहे, यात शंका नाही. हजरत अनस (रजि.) लहान असताना मक्केजवळ लोकांनी सशाचा पाठलाग केला, बाकीचे दमले, यांनी पकडला, आणि त्याची मांडी पैगंबरांकडे (स.) पाठवली तेव्हा ती कबूल झाली.

इथे मला त्याच सूरह माइदाकडे परत जावं लागलं. जिथे शिकारीची इजाजत आहे, तिथेच एहराममध्ये शिकारीची मनाई आहे, पहिल्याच आयतीपासून. पुढे ९४ आणि ९५ व्या आयतीत तर सांगितलं आहे की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आलेल्या शिकारीतून तुमची परीक्षा घेतली जाईल, आणि एहराममध्ये जाणूनबुजून मारली तर भरपाई द्यावी लागेल. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर एहराम नसतानाही मनाई आहे. जनावर तेच. बाहेर हलाल, आत हात लावायचा नाही. म्हणजे जनावर हलाल असणं वेगळं आणि आत्ता, इथे, या तऱ्हेने ते मारणं जायज असणं वेगळं. निव्वळ मौजेसाठी जिवाला निशाणा करणाऱ्यावर तर हदीसमध्ये लानत आहे.

आणि आत्ता, इथे काय आहे? आमचे नाना नागझिऱ्याच्या बाजूला परवाना काढून शिकार करत. तेव्हा कायद्याने ते चालत होतं. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले. नानांची बंदूक पुढे जमा झाली. गोष्टी राहिल्या, आणि त्या गोष्टी ऐकूनच भाचा बिघडला, असं आपाचं मत आहे.

पोरांना वाटतं की बंदूक नाही, फासे नाहीत, म्हणजे शिकार नाही. पण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं तर आहेच, शिवाय पकडणं, फासे लावणं, हाका करणं, आणि कुत्रे लावून पाठलाग करणंही आहे. त्याचा नुसता प्रयत्नही आहे. ससा निसटला तरी गुन्हा झालाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात केलं तर कैद कमीत कमी तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. आमच्या जिल्ह्यात २०१३ पासून कोका अभयारण्य आहे, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे. रात्री मोटारसायकलवर असलेल्या पोराला हद्द कुठे सुरू होते ते कळत नाही. फॉरेस्टवाल्यांना कळतं. बावीस वर्षांच्या मुलावर एक केस झाली की पोलीस भरती, सरकारी नोकरी, सगळं अडतं. आपल्या पोरांची अडचण आणखी वेगळी असते, ती इथे लिहायची गरज नाही.

डुकरं धानाची नासाडी करतात, हे खरं आहे आणि शेतकऱ्याचा राग मी समजू शकतो. त्यासाठी वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज आहे. मारण्याची परवानगी लेखीच मिळते आणि ती अधिकारी देतात. कुत्री सोडणं हा त्यावरचा उपाय नाही. राणीची मांडी बघा.

इंग्लंडमध्येही २००५ च्या फेब्रुवारीत सशामागे कुत्रे सोडण्यावर बंदी आली. अरबस्तानात, जिथला सलुकी हा आपल्या कारवानचा भाऊबंद, तिथे आता खोट्या सावजामागे सलुकींच्या शर्यती होतात. हे ऐकल्यावर भाच्याचे डोळे पहिल्यांदा उजळले.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली होती, ती आयांसाठी. रानात पळणाऱ्या कुत्र्याला रेबीजची, डिस्टेंपरची, पार्व्होची लस हवीच. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार कुत्र्यांत सर्रास आढळतो. राणीला एकही लस दिलेली नव्हती. बारा हजारांची कुत्री, लसीला पैसे नाहीत.

आपाचा शेवटचा प्रश्न होता, घरात कुत्रा चालेल का. शिकार, गुरं आणि शेती यांच्यासाठी ठेवायला हदीसमध्ये सूट आहे. बाकी शौकासाठी ठेवला तर रोज नेकीतून कपात. शेळ्या आहेत, शेत आहे, तर राहू दे, अंगणात. भांडं वेगळं. तिने तोंड लावलेलं भांडं शाफई असाल तर सातदा धुवा, त्यातलं एकदा मातीने; आपण हनफी तीनदा. आणि आता जखमी आहे तोवर तिला दूध दे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्याने विहिरीतलं पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, हे आपाला माहीत होतं. ती आधीच दूध तापवत होती.

टाके सुटायला बारा दिवस लागले, नीट चालायला दीड महिना. उन्हाळ्यात मी परत गेलो तेव्हा गावचा मामा तलाव आटला होता. भाच्याने जुन्या सायकलीचं मागचं चाक उलटं करून लाकडी चौकटीत बसवलं होतं, टायर काढून रिमवर नायलॉनची दोरी गुंडाळलेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, दीडशे पावलांवर, आपाच्या जुन्या ओढणीची चिंधी. सूर्य उगवायच्या आत, थंड वेळेत. एक पोरगा पेडल फिरवतो, चिंधी चिखलाच्या भेगांवरून सरपटत येते, आणि राणी सुटते. मागचा पाय अजून जरासा बाहेर पडतो.

"आता आवाजावर थांबते," भाचा म्हणाला आणि ओरडला. राणी दहा पावलं आणखी पळाली, मग थांबली, आणि चिंधीकडे एकदा बघून त्याच्याकडे आली.