वेल्डिंगच्या रॉडला ओल का बाधते?

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यातील महामार्गावरचे गाव. भोवताली धानाची शेती, आणि पावसाळाभर हवा दमट. ओल्या धानाला बुरशी लागते हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही. वेल्डिंगच्या रॉडलाही ओल बाधते असे सांगितले, तर मात्र ती विचारतील, ‘लोखंडाच्या कांडीला ओल कशी बाधेल?’

बाधते ती कांडीवरच्या लेपाला. लेपातील खनिजांची पूड सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेटने चिकटवलेली असते. हा लेप हवेतले बाष्प शोषतो. वेल्डिंग करताना प्रखर उष्णतेने त्या पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजन वितळलेल्या पोलादात विरघळतो. पोलाद थिजताना काही वायू अडकून छिद्रे पडतात. ती निदान कधी कधी दिसतात तरी. उरलेला अणुरूप हायड्रोजन थंड पोलादातही हळूहळू सरकत सांध्यालगतच्या कडक भागात साचतो. तेथे तडा जातो, आणि तोही काही तासांनी, क्वचित दोन दिवसांनी. खिडकीच्या जाळीला हा धोका फारसा नाही. पण जाड किंवा जास्त कार्बनच्या पोलादाचा सांधा, समजा ट्रॉलीचा हूक, संध्याकाळी धडधाकट दिसतो आणि परवा धानाची पोती लादल्यावर तुटतो. दोष कारागिराच्या हाताला दिला जातो!

पुष्कळ कारागीर पत्र्याच्या पेटीत 100 वॅटचा बल्ब लावून रॉड ठेवतात. युक्ती शास्त्रशुद्ध आहे. बाष्प तेवढेच राहून हवा 26 अंश सेल्सिअसवरून 37 अंशांवर गेली, की 90 टक्के सापेक्ष आर्द्रता सुमारे 48 टक्क्यांवर येते. बाष्पदाबाच्या तक्त्यावरून हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. (एल.ई.डी. दिवा येथे कुचकामाचा. आपल्याला ऊब हवी, उजेड नव्हे.)

मात्र ही पेटी ओल येऊ देत नाही एवढेच; लेपात मुरलेली ओल ती काढू शकत नाही. त्यासाठी 7018 जातीचा, म्हणजे कमी हायड्रोजनचा, रॉड साधारण 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजतात आणि वापरेपर्यंत 120 ते 150 अंशांच्या पेटीत ठेवतात. नेहमीच्या 6013 ला 100 अंशांच्या आसपासची ऊब बहुधा पुरते. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, आणि तोच पाळावा. जुन्या रॉडवर पांढरी भुकटी दिसली, तर सिलिकेटची बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइडशी क्रिया झाली असे समजावे. तसा 7018 भाजूनही भरवशाचा होत नाही.

सगळेच रॉड भट्टीत घालणेही चूकच. 6010 च्या लेपात सेल्युलोज असते, आणि त्याला थोडी ओल लागतेच. तो भाजला तर बिघडतो.