कृत्रिम रणभूमीवरील न्याय

दिल्लीच्या मेटकाफ हाउस परिसरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची एक संस्था सेनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी संगणकावरील युद्धखेळ तयार करते. दारूगोळा न उडविता डावपेचांचा सराव व्हावा, हा अशा खेळांचा हेतू होय. परंतु निरनिराळ्या बनावटीची सरावयंत्रे एकाच लढाईसाठी जोडली, म्हणजे न्यायाचा प्रश्न उभा राहतो.

समजा, एका यंत्राच्या नकाशात टेकडीवर झाडी आहे. दुसऱ्याच्या नकाशात ती नाही. पहिल्या यंत्रावरील रणगाडाचालक स्वतःस लपलेला समजतो. प्रतिपक्षास मात्र तो उघड्यावर दिसतो. वेळेचेही तसेच आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा रणगाडा सेकंदास २० मीटर जातो. संदेशास ०.३ सेकंद उशीर झाल्यास त्याचे स्थान ६ मीटरांनी चुकते. यासाठी प्रत्येक यंत्र शेवटच्या ज्ञात वेगावरून पुढील स्थानाचा अंदाज बांधते; तथापि रणगाडा एकाएकी वळला की तो अंदाज फसतो.

अमेरिकेतील 'सिमनेट' या जाळ्याने १९८०च्या दशकात रणगाड्यांची सरावयंत्रे जोडली. त्या अनुभवातून संदेशांची सामाईक भाषा घडली. १९९३ साली ती 'आयईईई १२७८' या मानकात आली. २००० साली 'आयईईई १५१६' हे अधिक व्यापक मानक आले. तथापि भाषा एक झाल्याने भूमी एक होत नाही. म्हणून नकाशे, घड्याळे व शस्त्रपरिणामांची कोष्टके सरावापूर्वी ताडून पाहावी लागतात. यंत्राच्या दोषामुळे मिळालेला विजय सैनिकास खोटा धडा शिकवितो. आणि त्या धड्याची किंमत खऱ्या रणांगणावर प्राणांनी मोजावी लागते.