वाटी भरलेली, पाखरू उपाशी

मोहल्ल्यात चार घरे फिरलो तर एखाद्या बाल्कनीत हिरव्या-निळ्या पाखरांचा पिंजरा दिसतोच. मुले त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात, विकणाराही तेच सांगून विकतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ही पाखरे म्हणजे बजरीगार, लाडाने बजी, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचे छोटे पोपट. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये ती जिवंत इंग्लंडला नेली आणि तिथून ती जगभरच्या घरांत पोचली. (आपल्या रानातला हिरवा पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे. बजी परदेशी, म्हणून तो चालतो.)

"दोन वर्षांतच मेली हो," ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. नीट निगा राखली तर बजी 7-8 वर्षे जगतो, काही 10 वर्षेही ओलांडतात. मग कमी कुठे पडते? पुष्कळदा वाटीतच.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक लहानसे पाखरू पाळले होते. ते मेल्यावर प्रेषितांनी (स.) त्या मुलाची मायेने विचारपूस केली, ही हदीस आपल्या घरांत मुलांना आवर्जून सांगितली जाते. उलेमांनी तिच्यावरून पक्षी पाळायची मुभा सांगितली, पण दाणापाण्याची नीट काळजी घेण्याच्या अटीवर. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही सर्वांना ठाऊक आहे. उपाशी ठेवणे म्हणजे वाटी रिकामी ठेवणे, एवढाच अर्थ आपण घेतो. बजी मात्र भरल्या वाटीसमोरही उपाशी राहतो, आणि तेही दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा अगदी साधी. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ दिसते, पण वर असतात नुसती टरफले. घरचे गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जातात, शेजारी वाटी पाहून "भरलेली आहे" म्हणतात आणि पाखरू मरते. म्हणून रोज वाटीवर फुंकर मारून टरफले उडवायची, मगच किती दाणे उरले ते पाहायचे.

दुसरी तऱ्हा हळू मारते. माळरानावर बजी नाना तऱ्हेच्या गवतांचे बी खातो, त्यात कोवळे, दुधाळ बीही असते. शिवाय दाण्यापाण्यासाठी तो मैलोनमैल उडतो. आपल्याकडे त्याला बारा महिने तेच वाळके धान्य मिळते आणि उडायला हातभर जागा. कांगणी म्हणून दुकानात मिळतो तो आपला राळाच. राळा, बाजरी वाईट नाहीत, पण त्यांत अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन फार कमी. अ जीवनसत्त्व कमी पडले की नाकातोंडाची आतली त्वचा बिघडते आणि सर्दी-संसर्ग सुटत नाही. आयोडीन नसेल तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजून श्वासनलिका दाबते. पाखराचा आवाज बदलतो, श्वासाबरोबर चिरचिर ऐकू येते. सूर्यफुलाच्या बियांचा मारा केला तर यकृतावर चरबी चढते, चोच वेडीवाकडी वाढू लागते. पाहुणे कौतुकाने "किती गुबगुबीत!" म्हणतात.

मग द्यायचे काय? मोठ्या बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे मिश्र दाणे पुरतात. बाकी सगळे आपल्या भाजीच्या पिशवीतच असते: कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मक्याच्या कणसाचा तुकडा. शेवग्याचा कोवळा पाला तर फारच गुणाचा, आणि दारातल्या झाडावरून फुकट मिळतो. पालक थोडाच द्यावा, त्यातला एक घटक कॅल्शियम अडवतो. मोड आलेला राळा किंवा मूग चांगला धुऊन द्यावा आणि दोन तासांनी उचलावा. आपल्या हवेत तो लवकर आंबतो. रमजानमध्ये इफ्तारीची फळे चिरताना पेरूची किंवा सफरचंदाची एक फोड बाजूला काढावी, सफरचंदाच्या बिया टाकून.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन. दुकानात ते विकत मिळते, पण कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर फिरायला गेलात तर वाळूत सहज सापडते. तो माकूल जातीच्या प्राण्याच्या आतला कवचाचा भाग असतो. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत खारटपणा काढायचा, कडक उन्हात वाळवायचे आणि मऊ बाजू पाखराकडे करून जाळीला बांधायचे.

खरी अडचण पुढेच येते. बजी नवे खाणे ओळखतच नाही. कोथिंबिरीची काडी दिसली की तो पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पळतो. दोन दिवसांत घरचे म्हणतात, "आमच्याला नाही आवडत." काही जण उलटे टोक गाठतात आणि दाणे बंद करून भूक लागेपर्यंत थांबतात. असे मुळीच करू नये. एवढासा जीव एका-दोन दिवसांच्या उपासाने दगावू शकतो. दाणे चालूच ठेवावेत, पण सकाळी पाखरू भुकेले असताना आधी पाला द्यावा. ओली जुडी दांडीजवळ उंच टांगली की ते आधी तिच्यावर अंग घासून अंघोळ करते, मग कुरतडू लागते. गाजर बारीक किसून दाण्यांत मिसळावे. पिंजऱ्यासमोर बसून आपण तेच खावे, बजी थव्यातला पक्षी असल्याने पाहून शिकतो. आमच्या घरी पहिले पान कुरतडायला पाच आठवडे लागले, आणि रोज सकाळी ते टांगण्याचे काम धाकट्याने केले.

अवोकॅडो त्याला विष आहे. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूणही नको. फरसाण, बिस्किट, बिर्याणीचे शीत देणाऱ्या हौशी पाहुण्यांना आम्ही सरळ हात धरून थांबवतो. जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकू नयेत. पाणी लवकर खराब होते आणि चव बदलली की पाखरू ते पीतही नाही.

एक वस्तू मात्र जरूर घ्यावी: ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. बजीचे वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम. पिसे फुलवून बसलेले पाखरू आतून वाळलेले असले तरी डोळ्यांना कळत नाही. खाणे बदलताना रोज, एरवी आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. 36 ग्रॅमचे पाखरू 32 वर आले तर वाट न पाहता पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत. जाताना पिंजऱ्याच्या तळाचा कागद तसाच राहू द्यावा, डॉक्टरांना विष्ठा पाहायची असते.