नोटीस आणि नोंद : कुपवाडच्या संदर्भात इमारत-देखभालीच्या कायद्याची अंमलबजावणी

प्रस्तावना

घराची देखभाल हा वरवर पाहता घरमालकाचा खासगी प्रश्न वाटतो. परंतु रस्त्याकडे कललेली भिंत किंवा शेजाऱ्याच्या अंगणात उतरणारे सांडपाणी हा प्रश्न सार्वजनिक करते. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज व कुपवाड या तिन्हींची मिळून एक महानगरपालिका स्थापन झाली. त्यामुळे सांगली-मिरजेच्या जुन्या पेठा आणि कुपवाडची औद्योगिक वसाहतीलगत वाढलेली वस्ती यांना एकच कायदा लागू झाला. हा कायदा प्रत्यक्षात कसा राबवला जातो आणि कुपवाडसारख्या वस्तीत तो कोठे अडतो, याचा प्रस्तुत लेखात परामर्श घेतला आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील तीन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. कलम २६४ अन्वये मोडकळीस आलेली किंवा कोसळण्याची शक्यता असलेली इमारत पाडण्याचा, सुरक्षित करण्याचा अथवा दुरुस्त करण्याचा लेखी आदेश आयुक्त मालकास किंवा भोगवटादारास देऊ शकतात. कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. कलम २६० विनापरवाना बांधकामाविरुद्धच्या कारवाईसंबंधी आहे.

तपासणीनंतर धोकादायक इमारतींची चार गटांत विभागणी केली जाते. ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची इमारत. ‘सी-२ अ’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ ब’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती आवश्यक असलेली. म्हणजेच प्रत्येक धोकादायक इमारत पाडणे हा कायद्याचा हेतू नाही.

या सर्व प्रक्रियेचा कणा म्हणजे नोटीस. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी आणि सकारण आदेश आवश्यक ठरवला. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना मात्र हे निर्देश लागू नाहीत.

गुंठेवारीचा पेच

शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, रेखांकन मंजूर न करता झालेल्या विक्रीतून गुंठेवारी वस्त्या निर्माण झाल्या. सांगली, मिरज, कुपवाडच्या विस्तारात त्यांचा वाटा मोठा आहे. अशा घरास बांधकाम परवाना नसतो आणि पूर्णत्वाचा दाखलाही नसतो. मग तीस वर्षे कोठून मोजावयाची? इमारतीच्या निम्म्या क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीख कायद्यास चालते; परंतु ती सिद्ध करण्यास बहुधा कर आकारणीच्या नोंदवहीचाच आधार उरतो. त्या नोंदवहीतील नाव हा मालकी हक्काचा पुरावा मात्र नव्हे. कलम २६७-अ खालील दंडात्मक कर भरला तरी बांधकाम नियमित होत नाही.

याचा परिणाम रहिवाशाच्या वर्तनावर होणे स्वाभाविक आहे. भिंतीस तडा गेल्यास अभियंत्यास बोलावणे म्हणजे आपल्याच हाताने अनधिकृत बांधकामाची फाईल उघडणे, अशी धास्ती असेल तर तडा बुजवला जातो, कळवला जात नाही. सुरक्षिततेसाठी केलेला कायदा अशा वेळी सुरक्षिततेच्याच आड येतो.

या पेचावरील उपाय कायद्यातच आहे. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ ने १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची सोय केली. २०२१ च्या सुधारणेने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. अधिनियमाच्या नावातच ‘श्रेणीवाढ’ आहे. केवळ कागद नियमित करणे नव्हे, तर वस्ती राहण्यायोग्य करणे हेही त्याचे उद्दिष्ट आहे.

निष्कर्ष

इमारत-देखभालीच्या कायद्याचे यश दंडाच्या रकमेवर कमी आणि नोंदीच्या विश्वासार्हतेवर अधिक अवलंबून असते. नियमितीकरणाचा अर्ज आणि संरचना तपासणी या दोन स्वतंत्र वाटा न ठेवता एकाच प्रक्रियेत आणल्यास, तसेच तडा स्वतःहून कळविणाऱ्या रहिवाशास त्या माहितीमुळे कारवाईला सामोरे जावे लागणार नाही अशी हमी दिल्यास, नोटीस ही धमकी न राहता सूचना ठरेल. ज्याचे घर नोंदीत आहे त्यालाच ते दुरुस्त करण्याचे धैर्य होते. म्हणून कुपवाडसारख्या वस्तीत देखभालीची सुरुवात भिंतीपासून नव्हे, नोंदवहीपासून व्हावयास हवी.