घारीची वाट आणि माणसाची वाट

पुणे जिल्ह्यातील वेल्हे भागात राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले एकमेकांचे शेजारी आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहून पाहिले असता समोर तोरण्याचा प्रचंड डोंगर दिसतो. हवा स्वच्छ असली म्हणजे तो इतका जवळ भासतो की, थोड्याच वेळात आपण तेथे जाऊन पोहोचू, असे नवख्या प्रवाशास वाटते.

नकाशावर या दोन गडांमध्ये सरळ रेघ ओढून मोजली, तर अंतर सुमारे 7 किलोमीटर भरते. सपाट रस्त्याने मनुष्य तासाला सुमारे 5 किलोमीटर चालतो. या हिशेबाने ही वाट दीड तासात सरावयास हवी. परंतु सकाळी निघालेला प्रवासी तोरण्यावर पोहोचतो, तेव्हा दिवस कलू लागलेला असतो!

असे का व्हावे? सरळ रेघ ही घारीची वाट आहे. माणसाची वाट डोंगराच्या धारेने नागमोडी जाते. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून 1,403 मीटर आहे आणि राजगडही उंचीने त्याच्या जवळपास आहे. तरीही प्रवाशास आधी संजीवनी माचीखाली उतरावे लागते, मग धारेवरील चढउतार ओलांडावे लागतात आणि शेवटी बुधला माचीचा खडा चढ चढावा लागतो. वाट लांबते आणि चालही मंदावते.

मग घारीप्रमाणे उडणाऱ्या विमानाचा हिशेब तरी सोपा असेल काय? स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाची बेटे आहेत. त्यांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांच्या धावपट्ट्यांमध्ये 3 किलोमीटरांहूनही कमी अंतर आहे. लहान विमान तेथे प्रवाशांना नियमाने ने-आण करते. ताशी 240 किलोमीटर वेगाने हे अंतर पाऊण मिनिटात संपले पाहिजे. पण एरवी या उड्डाणास दीड ते दोन मिनिटे लागतात. कारण विमानास आधी वर चढावे लागते आणि उतरताना वेग कमी करावा लागतो. वारा समोरून आला, तर आणखी उशीर होतो. म्हणजे आकाशातही केवळ अंतरावरून वेळ ठरत नाही.

डोंगराळ मुलखातील वडीलधारी माणसे हे पूर्वीपासून जाणतात. वाट विचारली की ती मैल सांगत नाहीत. “न्याहारी करून निघालास, तर उन्हे कलताना पोहोचशील,” असे सांगतात.

या जाणिवेवर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यास सर्पदंश झाला, तर त्यास विषावरील लस लवकर मिळाली पाहिजे. दवाखाना नकाशावर चार बोटे दूर असला, तरी मध्ये डोंगराची सोंड असेल किंवा ओढ्यास पूर आला असेल, तर रुग्णास डोलीत घालून मोठा वळसा घ्यावा लागतो. अशा ठिकाणी पक्का रस्ता किंवा पूल झाला, म्हणजे नकाशावरील अंतर तसूभरही घटत नाही; पण वाटेतील घटका वाचतात आणि त्या घटकांबरोबर एखादा जीवही वाचतो.

म्हणून दोन गावांमधील अंतर सांगताना ‘किती किलोमीटर?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कोणत्या वाटेने आणि किती वेळात?’ हेही विचारले पाहिजे.